बिनपाण्याची गाडी, तीन पाण्यांची फडकी

अहो, माणसाचे शेवटचे शब्द काय असावेत याला काही नियम नाही, हे मला मान्य आहे. पण ते "चपला झाडून बस" असे असू नयेत, एवढं तरी तुम्हाला कळायला हवं होतं.

छातीवर हात धरून तुम्ही ओट्यावर बसला होतात. सदरा घामाने भिजला होता. शेजारचे तिवारीजी धावत आले, खुंटीवरची किल्ली घेतली, तुम्हाला मागच्या सीटवर आडवं केलं आणि मला म्हणाले, "भाभीजी, आप पीछे बैठिए, सिर गोद में ले लीजिए." मी एक पाय आत टाकला, तर तुम्ही डोळे किलकिले करून माझ्या पायांकडे पाहिलंत. "चपला झाडून बस." एवढ्या घाईत कुणी झाडतं का? पण इतक्या वर्षांची सवय, मी झाडल्या. मग तुमचं डोकं मांडीवर घेतलं. राजेगावच्या अलीकडेच तुमचा हात सैल पडला. गोंदियाच्या डॉक्टरांनी नुसती मान हलवली, आणि त्याच गाडीतून, त्याच सीटवर, आपण परत आलो.

येणारा जाणारा विचारतो, शेवटी काय बोलले? मी सांगते, माझं नाव घेतलं. बायका डोळ्यांना पदर लावतात. आता तुम्हीच सांगा, खरं सांगितलं असतं तर त्यांनी कुठे पाहिलं असतं? माझ्या पायांकडेच ना.

उद्या सकाळी पिंकी गाडी नागपूरला नेणार आहे. मला चालवता येत नाही, दारात उभी राहून बॅटरी बसेल, टायर चपटे होतील, हे सगळं बरोबर आहे आणि मीच तिला हो म्हटलं. पण गाडी जशी झाली होती तशी ती फाटकाबाहेर जाऊ द्यायची नाही, एवढं मी ठरवलं होतं. आपल्या लेकीच्या हाती तुमची गाडी तुमच्यासारखी जायला हवी होती. आज दिवसभर त्याच खटपटीत होते. ते सगळं तुम्हाला लिहून सांगायचं आहे, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

तुमचं ते बिनपाण्याचं वेड कधी सुरू झालं, आठवतं? विहिरीवरची मोटर जळली होती त्या उन्हाळ्यात. नळ दिवसाआड, तोही अंघोळीला पुरला तर नशीब, आणि समोरच्या रस्त्याने खाणीचे ट्रक काळसर धूळ उडवत दिवसभर जाणार. तुमची ती गर्द निळी नवी गाडी संध्याकाळपर्यंत राखेत लोळलेल्या म्हशीसारखी दिसायची. तुम्ही नळी लावून ती धुवायला निघालात तेव्हा मी आडवी आले. गाडीला पाणी आणि माणसांना नाही, असं माझ्या घरात चालणार नाही, म्हटलं. तुम्ही नळी गुंडाळलीत. फोन घेऊन पाटावर बसलात आणि चार दिवस तिथून उठला नाहीत.

मग कुरियरने एक बाटली आली. निळं पाणी, खोकल्याच्या औषधासारखं. मोजायलाही तुम्ही खोकल्याच्या औषधाचंच टोपण घेतलंत. अर्धी बादली पाण्यात एक टोपण, आणि सांगितलंत, "या बादलीत पूरी गाडी होते. वरून पाणी टाकाचं कामच नाही." मी हसले. धुवायचं आणि वरून पाणी टाकायचं नाही? मग तो मळ जातो कुठे? लग्न होऊन आल्यापासून मी भांडी धुतली, कपडे धुतले, पोर धुतली, तुमच्या आईला शेवटच्या आजारपणात धुतलं. वाहतं पाणी अंगावरून गेल्याशिवाय काही स्वच्छ होत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तुम्ही मात्र मला उभं करून शिकवलंत. शिकवलंत म्हणजे काय, दाखवलंत. हात लावू दिला नाहीत. पेरूच्या सावलीत गाडी घ्यायची, पत्रा गरम असला तर थांबायचं. फडकं त्या पाण्यात भिजवायचं, पिळायचं नाही, निथळतं ठेवायचं. टपावर ठेवायचं आणि अलगद ओढायचं. दाबायचं नाही. एकदा ओढलं की घडी बदलायची, स्वच्छ बाजू वर. वापरलेली बाजू पुन्हा पत्र्याला लावायची नाही, नाहीतर मघाशी उचललेली रेती तुम्हीच परत घासता. वरून खाली यायचं, चाकं सगळ्यांत शेवटी. एक भाग झाला की लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं. मी म्हणाले, "दरवाजा मी करू का?" तर म्हणालात, "तू राहू दे." दर रविवारी विचारलं आणि दर रविवारी तू राहू दे. शेवटी मी विचारायचं सोडलं.

माझ्या वाट्याला काय आलं? फडकी.

हे तुम्ही कधी कबूल केलं नाहीत, म्हणून आज पुन्हा सांगते आणि आज मध्ये बोलायची सोय नाही. गाडी चमकवून तुम्ही खुर्चीवर चहाला बसायचात, आणि ती सगळी मळकी फडकी नळाजवळच्या टोपल्यात टाकून द्यायचात. ती कोण धुणार? घरच्या कपड्यांबरोबर नाही, धागे लागतात. मशीनमध्ये नाही. हातानेच. पहिलं पाणी काळं, दुसरं राखाडी, तिसरं कुठे जरा साफ. मग एकेक फडकं उन्हात धरून बोटांनी चाचपायचं, कुठे खडा, काडी, गवताचं कुसळ अडकलं का, कारण एक खडा राहिला तर पुढच्या रविवारी पत्र्यावर ओरखडा, आणि ओरखडा आला की तुमचं तोंड आठवडाभर उतरलेलं. अर्ध्या बादलीत तुमची गाडी व्हायची, आणि तुमच्या फडक्यांना माझ्या तीन बादल्या लागायच्या. तुमची बिनपाण्याची गाडी माझ्या पाण्यावर चालत होती.

एकदा मी तिन्ही बादल्यांचं पाणी न ओतता ओळीने मांडून ठेवलं आणि तुम्हाला बोलावलं. म्हटलं, हे पहा, हे वाहतं पाणीच आहे, फक्त ते गाडीवरून न वाहता माझ्या हातांवरून वाहतं. तुम्ही वाकून पाहिलंत. मला वाटलं, आता तरी. तुम्ही म्हणालात, "पाह्य बरं, केवढा मळ निघाला. म्हणजे गाडी एकदम साफ झाली." आणि आत गेलात. त्या बादल्या तुमच्या डोक्यावर उपड्या कराव्यात असं वाटलं होतं. पेरूला घातलं ते पाणी.

भांडणातही तुमचं तेच. मी एक बोलले की तुम्ही एक बोलायचात, आणि मग घडी बदलायचात. संध्याकाळी भाजी कोणती आणू, असं विचारत यायचात, जणू सकाळी काही झालंच नाही. मी मात्र दुपारभर उत्तरं तयार करून ठेवलेली असायची. ती सगळी तशीच राहिली माझ्याजवळ. आता ती कुणाला देऊ?

सगळं वाईटच सांगत नाही. बैहरला तुमच्या मित्राच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो, त्या घाटातल्या वळणांनी माझं पोट ढवळलं आणि मला खिडकी उघडायलाही वेळ मिळाला नाही. दरवाजाच्या आतून बाहेरून सगळं झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही गाडी बाजूला घेतलीत, डिकीतून पाण्याची बाटली नि स्वच्छ फडकं काढलंत, आणि मी म्हटलं आता दरवाजा पुसणार. तुम्ही माझं तोंड पुसलंत. मग मान, मग हात. "गाडीचं मंग पाहू," म्हणालात. आणि मग त्याच फडक्याच्या त्याच बाजूने दरवाजा पुसलात. तुमचा नियम तुम्ही मोडलेला मी तेव्हा एकदाच पाहिला. ते फडकंही नंतर मीच धुतलं म्हणा.

आता तुमच्या मोठ्या भावाकडे येते. माझ्या भासऱ्यांकडे. त्यांच्याशिवाय हे पुढे सांगता येणार नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, पण लिहिताना माणूस सगळं लिहितो. भासरे आणि धाकट्या भावाची बायको यांनी एकमेकांशी बोलायचं नाही, ही आपल्याकडची रीत. माझ्या लेकीच्या पिढीला हसू येतं. मी या घरात आल्यापासून कटंगीच्या शेतावरून ते महिन्यातून एकदा येतात, आपल्या अंगणात बसतात, माझ्या हातचा चहा पितात, आणि आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. डोक्यावर पदर, नजर खाली. जे काही बोलणं ते तुमच्या आडून. चार हातांवर मी उभी असायची आणि ते तुम्हाला म्हणायचे, "तिले विचार, तांदूळ पुरते का यंदा?" मी तुम्हाला म्हणायची, "म्हणावं पुरते, पण खडे गंज आहेत, निवडता निवडता दिवस जाते." आणि तुम्ही त्यांना सांगायचात, "मस्त आहे म्हणते तांदूळ." माझा शब्दन् शब्द त्यांनी कानांनी ऐकलेला. तरी ते मान डोलवायचे, "बरं झालं." पुढच्या साली पोतं आलं ते निवडलेलं. एक खडा नव्हता. तुम्ही म्हणालात, यंदा पीकच चांगलं.

तर तुम्हाला नेलं त्या दिवशी. गाडी फाटकाबाहेर उभी होती. घाटावरून सगळे परत आले, अंघोळी झाल्या, आणि भासरे म्हणाले, गाडीत जीव गेला आहे, वाहत्या पाण्याने धुतल्याशिवाय आत घ्यायची नाही. मी आतल्या खोलीत बायकांच्या घोळक्यात बसले होते. खिडकीतून पाहते तर त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि कोरड्या धुळीवर फिरवायला सुरुवात केली. कोरड्या धुळीवर. टपावर, बॉनेटवर, गोल गोल, जोर लावून, बैल पुसतात तसं. मग तिवारीजींकडून नळी आणली. मग मोरीवरची भांड्यांची हिरवी घासणी नेली आणि कपड्यांचा सोडा. ती घासणी त्यांच्या हातात पाहिली आणि मी अर्धी उठले.

ओरडावं तर कशी ओरडणार? कधी बोलले नाही त्या माणसाशी, आणि पहिला शब्द काय, तर थांबा म्हणून? आणि ज्याच्या आडून बोलायचं त्या माणसाला तर घाटावर ठेवून आलेले. पिंकी अजून नागपूरहून पोचली नव्हती. मी शेजारी बसलेल्या जाऊबाईंना म्हटलं, "त्याईले सांगा ना, घासू नका म्हणा." त्यांनी माझा हात धरला. "धुऊ दे बाई. सकाळपासून रडले नाहीत. तेवढंच होऊन राह्यलं त्याईच्या हातानं."

पाण्याचा आवाज खूप वेळ येत राहिला. तुमच्या आठ वर्षांच्या रविवारांवर ती घासणी फिरत होती आणि बायका मला म्हणत होत्या, रड, मोकळी हो. मी रडले, पण त्यांना वाटलं त्या कारणाने नाही. का तुम्ही त्या भावाला एकदाही शिकवलं नाहीत? महिन्याला येणारा माणूस, पेरूखाली बसून तुम्हाला गाडी पुसताना पाहणारा माणूस. त्यालाही म्हणाला असाल, तू राहू दे.

तेरवी झाली. काल दुपारी पिंकीने गाडी उन्हात काढली आणि तिथेच थांबली. बॉनेटवर गोल गोल बारीक ओरखड्यांची जाळी, उन्हात कोळिष्टकासारखी चमकत होती. "ये किसने किया?" ती मोठ्याने म्हणाली. "मम्मी, पप्पांनी पाहिलं असतं तर..." भासरे ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. अडकित्ता थांबला. मी पिंकीला डोळ्यांनी दटावलं. तिला कळलं, ती म्हणाली, "छोडो, नागपूरले पॉलिश मारून देते, निघून जाईल." अडकित्ता पुन्हा सुरू झाला नाही. त्यांनी सुपारी तशीच खिशात टाकली.

आज सकाळी पिंकी बाजारात गेली, कटंगीचा तांदूळ आणि लोणच्याची बरणी बांधायला खोकी हवी होती तिला. मी बाटली शोधली. तळाशी थोडं निळं उरलं होतं. टोपणही सापडलं, चिकट झालेलं. फडकी होती, तुमच्या शेवटच्या रविवारची, मीच धुऊन, चाचपून घडी घातलेली. अर्धी बादली पाणी घेतलं, गाडी पेरूखालीच होती. पदर खोचला आणि सुरू केलं. पहिल्यांदा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा या गाडीला माझं फडकं लागत होतं, आणि ते तेव्हा, जेव्हा तू राहू दे म्हणणारं कुणी नव्हतं.

येत होतं हो मला. सगळं येत होतं. निथळतं फडकं, अलगद ओढ, घडी बदल. पाहून पाहून शिकलेली बाई काय नुसती पाहत होती की काय? पण टपाच्या मधोमध हात पुरेना. पाटावर चढले, तरी पुरेना. तुम्ही उंच होतात, तुम्हाला कधी हा प्रश्न पडला नसेल. चिडून मी पाट सरकवत होते, तेवढ्यात पलीकडून भासरे उठून आले. बादलीतलं दुसरं फडकं उचललं, घट्ट पिळलं, आणि टपाच्या मधोमध जोर लावला.

मला राहवलं नाही. अंगणात आम्ही दोघंच होतो. मी फाटकाकडे तोंड करून म्हणाले, "पिंके, सांग बरं त्याईले. दाबू नका म्हणा. पिळू नका म्हणा."

पिंकी बाजारात होती. त्यांचा हात थांबला. मग तेही फाटकाकडे पाहून म्हणाले, "पिंके, विचार बरं तिले. दाबल्याबिगर मळ निघन कसा?"

"पाण्यानंच सुटते म्हणा. औषध आहे त्यात. फडकं नुसतं उचलून घेते."

"आन् वरून पाणी टाकाचं नाही?"

"नाही म्हणा."

"पाणी वाहिल्याबिगर कोणती चीज साफ होते काय? विचार तिले."

अहो, तुम्ही ऐकत असाल तर ऐका. माझंच वाक्य होतं ते. शब्दन् शब्द माझं. आणि मी, पदर सावरत, रिकाम्या फाटकाला तुमची बाजू समजावून सांगत होते. मळ उचलायचा असतो म्हणा, पसरवायचा नसतो. वापरलेली बाजू पुन्हा लावायची नाही म्हणा. ज्या भांडणात मी तुमच्याशी आठ वर्षं हरले नाही, त्यात आज मी तुमच्याकडून उभी राहिले आणि तुम्ही पाहायलाही नव्हता. इतका संताप आला की डोळ्यांपुढचा टप दिसेना.

पण त्यांनी ऐकलं. फडकं पुन्हा बुडवलं, निथळतं घेतलं, अलगद ओढलं. घडी बदलली. त्यांचे हात नांगराचे, अलगद म्हणजे काय ते हातांना शिकवावं लागत होतं, जीभ दातांत धरून ते करत होते. टप त्यांनी केला, काचा मी. दरवाजे दोन त्यांनी, दोन मी. बॉनेटशी आलो तेव्हा दोघंही थांबलो. धूळ गेल्यावर, पानांतून पडलेल्या उन्हात, ते ओरखडे आणखी साफ दिसायला लागले. त्यांनी बोट लावून पाहिलं. जात नव्हते.

"पिंके," ते फाटकाला म्हणाले, "सांग तिले. मले माहीत नव्हतं."

मी काय सांगणार? म्हणा, काही हरकत नाही? हरकत होती. म्हणा, कोणाला काही वाटलं नाही? मला वाटलं होतं. तुम्ही असतात तर मधल्या मध्ये काहीतरी गोड करून सांगितलं असतं, मस्त आहे म्हणते, असं. ते काम किती अवघड होतं ते मला आज कळलं, आणि त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले, म्हणून आणखी राग. शेवटी मी एवढंच म्हणाले, "सांग त्याईले, पेरूखाली नाही दिसत."

चाकं शेवटी केली. सावलीत गाडी खरंच तुमच्यासारखी दिसत होती. टपावर पेरूची पानं दिसत होती, दरवाजात माझे पाय दिसत होते. मी चपला काढून ठेवल्या होत्या, ते मला तेव्हा कळलं.

मग ते खुर्चीवर बसले आणि मी चहा टाकायला आत गेले. दोन कप घेऊन बाहेर आले, तर नळाजवळच्या टोपल्यात फडक्यांचा तो ढीग. काळा, ओला, कसाही टाकलेला. आणि मी भडकले. रविवारी भडकायची तशीच. तोंडातून निघून गेलं, "झालं! आता हे कोण धुणार?"

कुणाला म्हणाले ते कळायला मला एक क्षण लागला. खुर्चीवर तुम्ही नव्हता. आणि फडकी त्या टोपल्यात मीच टाकली होती.

भासरे उठले. धोतर वर खोचलं, टोपलं ओढून नळासमोर उकिडवे बसले. फाटकाकडे त्यांनी पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, सरळ, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"राहू दे बाई," ते म्हणाले. "फडके मी धुतो."

अहो, हे वाक्य तुमचं होतं. याच नळावर, याच टोपल्याशी, याच दोन शब्दांची मी आठ वर्षं वाट पाहिली. दर रविवारी तुम्ही राहू दे म्हणालात, पण ते गाडीसाठी. फडक्यांसाठी एकदाही नाही. आणि आलं ते कधी, कुणाच्या तोंडून? मला त्यांचे उपकार मानावेत की तुमच्याशी भांडावं, काही कळेना. पदर कधीचा खांद्यावर आला होता. तो मी पुन्हा वर घेतला नाही.

"खडे पाहून घ्या," मी म्हणाले. "म्हणा" नाही, "सांग" नाही. त्यांनाच म्हणाले.

"हौ," ते म्हणाले, आणि नळ पूर्ण सोडला.